फुलझाडं ओळखायला कासला नंतर जा, आधी भेंडी कापा

प्रश्न साधारण असा आहे की सप्टेंबरात कासला जाऊन आलो, गाईडने भराभर नावं सांगितली, सीतेची आसवं, गेंद, मिकी माऊस, तेरडा, सोनकी, मोबाईलमध्ये ढीगभर फोटो आहेत पण घरी आल्यावर कुठलं काय ते आठवेना. तर एवढे प्रकार ओळखायचे कसे, सपुष्प वनस्पती म्हणजे नक्की काय, गवत आणि उंबर त्यात येतात का, उघड्या कातळावर एवढी फुलं येतातच कशी, आणि ॲप कुठलं वापरू.

मी बरीच वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली, त्यातही टॅक्सॉनॉमी म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण, आणि पावसाळ्यात पोरांना घेऊन सडे म्हणजे उघडी कातळाची पठारं फिरणं अजून चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो, नावं पाठ करून झाडं कुणालाच येत नाहीत. माझ्या वर्गात नावं घडाघडा म्हणणारी पोरं असायची आणि तेच झाड फूल नसताना समोर आलं की गप्प. ज्यांनी दहा-बारा साधी फुलं ब्लेडने उभी-आडवी कापून बघितली ती पोरं मात्र कधी न बघितलेल्या झाडापुढेही "सर हे कापसाच्या घरातलं वाटतंय" असं म्हणायची आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. जगात फुलझाडांच्या जाती तीन लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या महाराष्ट्रात तीन हजारांच्या वर, हे पाठ करायचं कामच नाही. पण कुळं म्हणजे फॅमिल्या, त्या जगभरच्या मिळून चारशेच्या थोड्या वर आहेत, २०१६ च्या वर्गीकरणात ४१६ धरल्यात, आणि त्यातली आपल्या रस्त्यावर, शेतात, ताटात असलेली दहा-पंधरा नीट समजली की निम्मं काम झालं.

आता सपुष्प म्हणजे काय. लोकांना वाटतं रंगीत फूल आलं की सपुष्प, रंग-पाकळी तर बऱ्याच जणांना नसतेच. खरी खूण आत असते. होणारी बी एका बंद डबीत असते, त्या डबीला अंडाशय म्हणा, आणि पुढे तीच डबी फळ होते. सायकस किंवा पाईन बघा, बी खवल्यावर किंवा पानासारख्या भागावर उघडी बसलेली, त्यांना फळ कधीच लागत नाही. सह्याद्रीत नीटम नावाची एक वेल आहे, पानं अगदी आंब्या-जांभळाच्या वळणाची, वर फळासारखे घोस, पण तीही उघड्या बियांवालीच, फुलझाड नव्हे. म्हणजे पानावरून आणि लांबून ठरवायला गेलात की फसायचं.

दुसरी खूण याहून भारी आहे पण डोळ्यांनी दिसत नाही. परागकणातून नळी खाली जाते, तिच्यातून दोन नरपेशी येतात, एक अंड्याला मिळते आणि गर्भ होतो, दुसरी मधल्या दोन केंद्रकांना मिळते आणि त्यातून गर्भाचा डबा म्हणजे खाऊ तयार होतो. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये नवाशिन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने लिलीच्या जातीत दाखवलं आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गिन्यारने स्वतंत्रपणे तेच सांगितलं. पुस्तकात हे रटाळ वाटतं, पण भात, पोळी, भाकरी आणि नारळाचं पाणी-खोबरं हा सगळा तो दुसऱ्या नरपेशीचा खाऊ आहे. आपण जेवतो ते बहुतांशी झाडाने पोराला दिलेला डबा पळवून. मटकी-हरभऱ्यात तो खाऊ बी तयार होतानाच गर्भाने संपवून स्वतःच्या दोन डाळिंब्यांत भरून ठेवलेला असतो, म्हणून मोड आलेल्या मटकीत दोन जाड दळं आणि मधे कोंब एवढंच दिसतं.

गवताचं बोलायचं तर हो, गवत शंभर टक्के फुलझाड आहे, आणि ज्यांच्या घरी भात आहे त्यांना हे शिकवायला लागत नाही. भात निसवला की सकाळी नऊ-दहाच्या पुढे ऊन आलं की लोंबीजवळ बसा. एकेक दाण्याचं हिरवं तूस उघडतं, आतून सहा पिवळट पुंकेसर लांब दोरीवर बाहेर लोंबकळतात आणि साधारण तासाभरात तूस परत मिटतं, दोऱ्या बाहेरच राहतात. पाकळ्यांच्या जागी बुडाशी दोन छोटे मांसल तुकडे असतात, ते पाणी शोषून फुगतात आणि तूस ढकलून उघडतात, बाकी सजावट शून्य कारण ज्याला बोलवायचं आहे तो वारा आहे, त्याला रंग-वास कशाला. बहुतेक गवतांना पुंकेसर तीन, भाताला सहा, एवढं बघायला पण लेन्स पुरते. फुलोऱ्याच्या त्याच दिवसांत पाऊस लागून राहिला की शेतकरी का वैतागतो आणि दाणे पोचट का जातात हे त्या एका तासात कळतं. मक्यात तर अजून सोपं, वरचा तुरा नर आणि कणसाचे केस मादी, एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला. कणसात मधेच एखादा दाणा गायब असतो ना, त्याच्या केसाला पराग मिळाला नाही.

उंबराचं फूल आपल्याकडे म्हणीपुरतंच उरलंय, पण उंबर फोडून बघितलं तर फुलंच फुलं असतात, शेकडो, आतल्या बाजूला तोंड करून. आपण फळ म्हणतो तो फुलांनी भरलेला बंद कुंभ आहे, टोकाशी खवल्यांनी झाकलेलं बारीक भोक असतं, त्यातून ठराविक जातीची इवलीशी गांधीलमाशी पंख मोडून घेत आत शिरते, परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि बहुतेक वेळा तिथेच मरते. पिकलेल्या उंबरात "किडे असतात" म्हणून लोक नाकं मुरडतात, त्यातले बरेचसे हे भाडेकरूच, त्यांच्याशिवाय उंबराची बी धरत नाही. वड, पिंपळ, अंजीर एकाच घरातले आणि प्रत्येकाची माशी साधारण वेगळी. (बाजारात येतात त्या अंजिराच्या बऱ्याच जाती माशीशिवायच फळ धरतात, तेव्हा अंजीर खाताना बिनधास्त राहा.) फणसही याच कुळात, चीक तोच सांगतो. फणसाचा एकेक गरा म्हणजे फळलेलं एकेक फूल आणि गऱ्यांमधले ते चिवट पिवळट दोरे म्हणजे न फळलेली फुलं, एवढं कळलं की फणस फोडताना बॉटनीचा तास आपोआप होतो.

उलटा प्रकार झेंडूचा. दसऱ्याला आपण एक फूल म्हणून ओवतो ती अख्खी वस्ती असते. झेंडू उभा फाडा, प्रत्येक केशरी पट्टी बुडाशी एका बारीक काळपट काडीला जोडलेली दिसेल, ती काडी म्हणजे त्या एका फुलाचं अंडाशय आणि पुढे फळ, जे आपण "झेंडूचं बी" म्हणून पेरतो. सूर्यफुलाचं बी तेच, वरचं टरफल म्हणजे फळाची साल. कासची सोनकी याच कुळातली, तिची "पाकळी" म्हणून जी मोजता ते प्रत्येक वेगळं फूल. आणि ज्याच्या नावात गाजर आणि गवत दोन्ही आहे आणि जे दोन्ही नाही ते गाजरगवतही इथलंच, अमेरिका खंडातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आता देशभर झालंय. झेंडूही मेक्सिकोकडचाच, पण त्याच्यावर कुणी चिडत नाही. हे कुळ आणि ऑर्किडचं कुळ, जगात सगळ्यात जास्त जाती या दोघांकडे, प्रत्येकी पंचवीस हजारांच्या आसपास किंवा वर.

बरं, आता कामाची गोष्ट, भेंडी. घरात जास्वंद असेल तर एक फूल घ्या आणि भाजीतली एक कोवळी भेंडी घ्या. जास्वंदीच्या मागच्या बाजूने सुरुवात करा, लोक कायम समोरून बघतात आणि फोटोही समोरूनच काढतात, अर्धी माहिती मागे असते. मागे हिरवी पेल्यासारखी निदलं आणि त्याच्याही बाहेर अजून एक बारीक हिरव्या पट्ट्यांची माळ, ही दुहेरी माळ या कुळात खूप ठिकाणी दिसते. पाकळ्या पाच, प्रत्येकीची एक कड शेजारणीवर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली, सगळ्या एकाच दिशेने पीळ दिल्यासारख्या, कळी बघितली तर तो पीळ जास्त दिसतो. मधून जो लांब दांडा येतो ते पुंकेसर आहेत, सगळ्यांच्या दोऱ्या चिकटून नळी झाली आणि त्या नळीच्या आतून स्त्रीकेसर जाऊन टोकाला पाच मखमली लाल गोंडे बाहेर आलेत. पाच गोंडे म्हणजे खाली पाच कप्पे. बागेतल्या जास्वंदीला फळ सहसा धरत नाही, फांद्या लावूनच वाढवतात, म्हणून कप्पे बघायला भेंडी आडवी कापा, पाच कप्पे, प्रत्येकात मधल्या बाजूला चिकटलेल्या बिया. आणि ती बुळबुळ, जास्वंदीचं पान चुरडलं की हाताला लागते तीच.

भेंडीचं फूल कधी बघितलं नसेल तर कुणाच्या परसात बघा, पिवळं, आत गडद मरून डोळा, पण रचना जास्वंदीची. मग कापूस बघा, अंबाडी बघा. सावरीचं फूल जाडजूड लाल, पक्ष्यांसाठी केलेलं, गोरखचिंचेचं पांढरं उलटं लोंबणारं, वटवाघळांसाठी रात्री उघडणारं, जुन्या पुस्तकांत या दोघांचं कुळ वेगळं होतं, आता डीएनएच्या आधारावर सगळे एकाच मोठ्या कुळात आलेत, सोबत कोको, ज्यूट आणि आपल्या डोंगरातली मुरुडशेंग पण. म्हणजे परागण करणारा बदलला की रंग, आकार, वेळ बदलते, पण पीळ, चिकटलेले पुंकेसर, बुळबुळ असल्या घरच्या खोडी सहज जात नाहीत. वरची सजावट सोडून त्या खोडी बघायला शिकणं एवढंच टॅक्सॉनॉमीचं काम, बाकी लॅटिन.

अशीच अजून तीन-चार फुलं सांगतो. वाटाण्याचं किंवा चवळीचं फूल घ्या, एक मोठी पाकळी वर, दोन बाजूला पंख, खाली दोन चिकटून होडी, होडीत दहा पुंकेसर, त्यातले नऊ एकत्र आणि एक सुटा. होडी बोटाने दाबा, आतला दांडा टपकन वर येतो, मधमाशी बसल्यावर तिच्या पोटाला तसाच लागतो. कासचं मिकी माऊस म्हणजे स्मिथिया, याच आकाराचं फूल, वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके. भुईमूगही हेच फूल, पण त्याचं वैशिष्ट्य पुढे आहे, फूल जमिनीवर फुलतं आणि फलन झालं की अंडाशयाखालचा दांडा लांबून मातीत घुसतो, शेतकरी म्हणतो आऱ्या सुटल्या, आणि शेंग अंधारात भरते.

वांग्याचं किंवा टोमॅटोचं फूल घ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा सुळका, आणि वांग्यात एकेका पुंकेसराला टोकाशी फक्त दोन बारीक छिद्रं, मिठाच्या डबीला असतात तशी. साध्या मधमाशीला त्यातून पराग काढणं जमत नाही. भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो, तो आवाजही वेगळा येतो, आणि पराग छिद्रातून उडतो. पॉलीहाऊसमधल्या टोमॅटोला झाडं हलवून द्यावी लागतात ती याचसाठी. मे महिन्यात बहाव्याखाली उभे राहा, तिथेही भुंगेच, आणि बहाव्याच्या फुलात तीन पुंकेसर लांब, वाकडे आणि बाकीचे आखूड दिसतील, आखूड खायला आणि लांब भुंग्याच्या पाठीला पराग लावायला, कामाची वाटणी.

सोनचाफा तर जरूर उघडा, पण वेगळ्या कारणासाठी. त्यात हिरवी निदलं आणि रंगीत पाकळ्या असा भेदच नाही, सगळ्या एकसारख्या, आणि त्या काढून टाकल्या की मधे एक उभा दांडा राहतो, खालच्या भागावर पुंकेसर आणि वरच्या भागावर स्त्रीकेसर, दोन्ही गोल फिरत वर चढणारे. पाचाचा हिशोब नाही, चिकटाचिकटी नाही, सगळं सुटं-सुटं. ही रचना जुनी मानतात आणि याच्याकडे भुंगेरे जास्त येतात. फुलझाडांचे खात्रीचे जीवाश्म साधारण १३ कोटी वर्षांपर्यंत मागे जातात, आणि आपला दख्खनचा लाव्हा आहे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे सह्याद्रीच्या दगडापेक्षा फूल दुपटीने जुनं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात अडकलेली फुलं-फळं दगड होऊन मिळाली आहेत, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलानला, वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानींनी तिथल्या एका फळाचा अभ्यास केला होता. फुलझाडं एवढ्या कमी काळात एवढी वेगवेगळी कशी झाली याने डार्विनही हैराण होता, १८७९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने याला एक वैतागवाणं कोडंच म्हटलंय.

आता कास. सातारपासून पंचवीस किलोमीटर, उंची साधारण १२०० मीटर, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांसोबत जागतिक वारसा झालं, फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्यात. पण लोक समजतात तशी ती सुपीक जागा नाही, उलट उपाशी जागा आहे. खाली जांभा, वर कुठे बोटभर कुठे तळहाताएवढी माती, चार महिने पाण्यात बुडालेली आणि आठ महिने तव्यासारखी तापलेली. पावसाने नायट्रोजन-फॉस्फरस धुऊन नेलेला. झाड मोठं होऊच शकत नाही, सावली करणारं कुणी नाही, म्हणून छोट्यांना ऊन भरपूर, आणि खायला काही नाही म्हणून प्रत्येकाने आपापला जुगाड केलाय. माझ्या मते कास बघायचं असेल तर रंगांचे गालिचे नका बघू, हे जुगाड बघा.

सीतेची आसवं, युट्रिक्युलेरिया, ते जांभळं-निळं दोन ओठांचं फूल, त्याच्याखाली खरी मुळंच नसतात. चिखलात केसासारखे धागे आणि धाग्यांवर मोहरीहून लहान फुगे. फुग्यात आतून पाणी बाहेर टाकून पोकळी केलेली असते, दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार उघडून पाण्यासकट तो आत ओढला जातो, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, वनस्पतींच्या सगळ्यात जलद हालचालींपैकी एक आणि आपण त्याच्यावर बूट ठेवून सेल्फी काढतो. त्याच्याच शेजारी दवबिंदू, ड्रॉसेरा, पानावरच्या केसांना चिकट थेंब, तोही किडेच खातो. हे दोघं मांसाहाराकडे गेले. स्मिथियाने वेगळी सोय केली, मुळांवर गाठी आणि गाठीत बॅक्टेरिया, ते हवेतला नायट्रोजन धरून देतात, शेतातली तूर-हरभरा करतात तेच. हबेआमरी वगैरे जमिनीवरच्या ऑर्किडांनी बुरशीशी करार केलाय, त्यांची बी धुळीसारखी, त्यात तो खाऊचा डबाच नसतो, बुरशी भेटली तरच रुजते. एकाच भुकेवर चार घरांची तीन उत्तरं, चार पावलांत, एका डबक्याभोवती.

वेळेचीही वाटणी आहे. दीपकाडी, चवर, कंदिलखर्चुडी यांचे कंद जमिनीत जेवण साठवून आठ महिने झोपतात, म्हणून दीपकाडीसारख्यांना पहिल्याच पावसात घाईने फूल काढता येतं. तेरडा, गेंद, सीतेची आसवं ही वर्षायू, म्हणजे एका वर्षात आयुष्य संपणारी, बीपासून सुरुवात म्हणून त्यांचा बहर ऑगस्टच्या शेवटाला-सप्टेंबरात, आणि सोनकी शेवटी पठार पिवळं करते. त्यामुळे "कास कधी फुलतं" या प्रश्नाला एक तारीख नसते, जूनमधलं कास आणि सप्टेंबरातलं कास यांच्यात सारख्या जाती थोड्याच दिसतील. सडे सगळेच असे चालतात, गर्दी नको असेल तर कोकणातल्या कातळांवर जा, तिथेही हीच मंडळी थोड्याफार फरकाने भेटतात.

कंदिलखर्चुडीचं एक सांगायलाच पाहिजे. कंदिलासारखं फूल, खाली फुगीर, मधे नळी, वर पाच पट्ट्या जुळून पिंजरा. वासाने बारीक माश्या येतात, नळीत घसरतात, आतले केस खाली तोंड करून असल्याने वर येता येत नाही. एखाद दिवसाने केस सुकतात आणि माशी सुटते, पण तोंडाला परागाची पिशवी अडकवूनच, आणि ती शहाणी न होता पुढच्या कंदिलात शिरते. या गटाच्या बऱ्याच जाती जगात फक्त सह्याद्रीतच आहेत, काही तर एखाददुसऱ्या कड्यावर. कंद गोडसर म्हणून खणून खाल्ले जातात, गुरं पण खातात, आणि आता फोटोवाले लोकेशन टाकतात, ते कृपा करून टाकू नका.

तेरडा घरीही बघता येईल, गौरीला आणतात तोच गट, कासला जो गुलाबी पसरतो ती त्याची बहीण. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात पण त्या दिवसांत फूल लिंग बदलतं. आधी पाच पुंकेसर जुळून स्त्रीकेसराच्या डोक्यावर टोपी घालून बसतात, तेव्हा फूल नर. मग आतलं अंडाशय वाढतं, टोपी बुडापासून तुटून पडते, आणि आता तेच फूल मादी. एकाच फुलाचा पराग त्यालाच लागू नये म्हणून ही सोय. एका झाडावर टोपीवाली आणि बिनटोपीची फुलं शेजारी-शेजारी सापडतात, लेन्सही लागत नाही.

कारवीचं विचारलं नाहीत पण कासला गेलेले सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. साधारण सात वर्षं नुसती पानं, मग एका डोंगरावरची सगळी एकदम फुलते आणि मरते. एवढं बी एकदम पडलं की खाणारे खाऊन खाऊन किती खाणार, उरलेलं रुजतं, असं त्याचं कारण मानतात, बांबूतही हाच हिशोब लावतात. कुळ अबोली-कोरांटी-अडुळशाचं. लहानपणी रुएलियाच्या काळ्या शेंगा पाण्यात टाकून फट्‌ फट्‌ फोडल्या असतील तर या कुळाची खोडी तुम्हाला आधीच माहिती आहे, ओल लागली की फळ तडकतं आणि बिया आकड्यांवरून उडतात.

सुरुवात कशी करायची ते आता सांगतो. सोनाराकडे असते तसली दहा पटीची लेन्स आणि एक दाढीचं ब्लेड, एवढंच सामान. बाजारातली आणि परसातली फुलं कापा, जास्वंद-भेंडी, वाटाणा, वांगं, झेंडू, सोनचाफा, तुळशीची मंजिरी (खोड चौकोनी, पानं समोरासमोर, फुलाला दोन ओठ, घासलं की वास), भोपळा (नर-मादी फुलं वेगळी, मादीच्या खाली आधीच इवला भोपळा), कांद्याचा गोंडा (सगळं तिनाच्या पटीत). दर फुलाला कागदावर चार ओळी, पाकळ्या किती, सुट्या की चिकटलेल्या, पुंकेसर किती आणि कशाला चिकटलेत, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली, आत कप्पे किती. चित्र वेडंवाकडं चालेल. तिनाचं फूल आणि समांतर शिरा म्हणजे एकदल, चार-पाचाचं फूल आणि जाळीच्या शिरा म्हणजे द्विदल, हा नियम बहुतेक वेळा चालतो, घोटवेल आणि सुरण पानांनी फसवतात एवढं लक्षात ठेवा.

शेवळ सुरणाचा भाऊ, पहिल्या पावसात कोकणात आणि ठाणे-पालघरकडे बाजारात येतो तो भाजीचा दांडा म्हणजे त्याचा फुलोरा. आणलात तर आधी उभा चिरून बघा, खाली मादी फुलं, वर नर फुलं, त्याच्यावर लांब नुसतं टोक, मग भाजी करा, पण काकडाची फळं घालूनच आणि जिला जमते तिच्या हातची, नाहीतर ऑक्सलेटच्या सुयांनी घसा धरतो. कळलावीच्या वाटेला मात्र जाऊ नका, दिसायला कितीही सुंदर असली तरी सगळंच झाड विषारी आहे.

कासला किंवा कुठल्याही राखीव जागी फूल तोडायचं नाही, तिथे लेन्स घेऊन गुडघे टेकायचे, तेही वाटेवरूनच. फोटो काढताना फुलाचा समोरून एक, बाजूने एक, मागून निदलं दिसतील असा एक, पानाच्या दोन्ही बाजू, आणि अख्खं झाड कशावर उगवलंय ते, शेजारी बोट किंवा नाणं मापाला. तुमच्याकडचे ढीगभर फोटो बहुतेक सगळे समोरून काढलेले असणार, त्यामुळे त्यातले निम्मे मलाही सांगता येणार नाहीत.

ॲपचं म्हणाल तर कुठलंही वापरा, बागेतल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांना ती बरी चालतात, पण ॲपने दिलेल्या नावाखाली कुळ काय लिहिलंय ते आधी बघा आणि ते तुमच्या चार ओळींशी जुळतंय का बघा, जुळत नसेल तर नाव सोडून द्या. सड्यावरच्या बारक्या मंडळींना ॲप हमखास गंडतं. गेंदच घ्या, ते पांढरं बटण लांबून सोनकीच्या कुळातलं वाटतं, तेही झेंडूसारखं अनेक फुलांचं डोकं आहे, पण घर गवतांच्या शेजारचं, पानं गवतासारखी, फुलं दोन-तीनच्या हिशोबातली, नर-मादी वेगळी पण एकाच डोक्यात. त्यातली कुठली जात हे ठरवायला बऱ्याचदा पिकलेलं बी घेऊन त्याच्या सालीवरची नक्षी मायक्रोस्कोपखाली बघावी लागते, तेव्हा फोटोखाली नुसतं "गेंद, कास, सप्टेंबर" लिहून ठेवलंत तरी पुष्कळ झालं.